तिचे माझ्याइतकेच धर

सिनेमा बघून आलं की प्रत्येक घरात एक जण असा निघतो, ज्याला वाटतं आपलं मत म्हणजे कोर्टाचा निकाल. तुमच्या घरात तो कोण आहे ते आठवून बघा. कुणीच आठवत नसेल, तर तो तुम्हीच असाल.

या घरात तो मान बाबांचा होता. बाबा अठरा मजल्यांच्या एका ऑफिसात लिफ्ट चालवायला होते. रविवारी दुपारचा शो बघायचा आणि सोमवारी लिफ्टमध्ये जो चढेल त्याला पिक्चर ऐकवायचा, हा त्यांचा नेम. तळमजल्यावर हिरो गावातून निघायचा, अठराव्यावर व्हिलन मेलेला असायचा. पाचव्यावर उतरणाऱ्यांना अर्धवट गोष्ट मिळायची, ती माणसं दुपारी परत लिफ्टपाशी यायची. "पंच, पुढं काय झालं?" ऑफिसात त्यांना सगळे पंचच म्हणायचे. हळूहळू घरातही तेच नाव पडलं.

घरी एक पद्धत होती. थिएटरातून आलं की चपला काढायच्या, टेबलाभोवती बसायचं आणि पिक्चरला दहापैकी गुण द्यायचे. आधी पंच. मग थोरला, जो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. मग कॉलेजात जाणारी धाकटी. ती सगळ्यांचे गुण आपल्या फोनमध्ये टिपून ठेवायची. आई तोवर स्वयंपाकघरात चहा टाकत असायची.

त्या रविवारी दीपगृह सांभाळणाऱ्या दोन भावांचा पिक्चर बघून सगळे आले होते.

"सात," पंच म्हणाले. "शेवट ताणलाय. मी असतो तर वीस मिनिटं कापली असती."

"तुम्ही असता तर गाणीच उरली असती," थोरला म्हणाला. "माझे पाच."

"तुला पाच मिनिटांवर काही बघवत नाही, म्हणून पाच," धाकटी म्हणाली. "माझे आठ. तो धाकटा भाऊ काय काम करतो! थोरला मरतो तेव्हा नुसता बघत उभा असतो, एक शब्द नाही."

आई चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे ठेवताना तिचा हात पंचांच्या चष्म्याला लागला आणि चष्मा खाली पडला.

"अगं, बघ की जरा," पंच म्हणाले.

"मला तो धाकटा दिसलाच नाही," आई म्हणाली. "थोरला मरतो तेव्हा तो कुठं होता?"

"कुठं म्हणजे? खिडकीत उभा होता. पडद्याच्या कडेला."

"कडेचं दिसत नाही हो हल्ली. मधला माणूस दिसतो, बाजूचे…"

"डुलकी काढली असशील," पंच म्हणाले आणि पोरं हसली. आईही हसली. काय करणार?

"आईचे किती लिहू?" धाकटीनं विचारलं.

"तिचे माझ्याइतकेच धर."

धाकटीनं सात लिहिले.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी खाणीत अडकलेल्या मजुरांचा पिक्चर बघितला, तेव्हा आई म्हणाली होती, "सगळा अंधारच होता की. इंटरव्हलनंतर मला काही दिसलंच नाही." पंच म्हणाले होते, "खाणीत काय ट्यूबलाइट लावायच्या? पिक्चर कळायला डोकं लागतं." मग शर्यतीचा एक पिक्चर आला. त्यात गाड्या कुठून येतात आणि कुठं जातात तेच कळत नाही, असं आई म्हणाली. ते वाक्य तर लिफ्टमध्ये महिनाभर विनोद म्हणून फिरलं.

घरातही ती अर्ध्या उघड्या दाराला खांदा धडकवायची. उजवीकडून कुणी आलं की दचकायची. पण डोळ्यांचा संशय कुणाला यायचा? आई घरबसल्या तयार कपड्यांना काजं-बटणं करायची. सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. अख्ख्या जिन्यातल्या बायका सुया घेऊन तिच्याकडे यायच्या. जिला सुईचं भोक दिसतं तिला दार दिसत नाही, हे कोण मानणार? तिचं लक्ष नसतं, ती वेंधळी आहे, असं ठरून गेलं. आईलाही ते पटत चाललं होतं.

पुढच्या महिन्यात थिएटरात इंटरव्हल झाला. आई उठली, दोन पायऱ्या उतरली आणि तिसरीवर पाऊल न टेकता सरळ खाली गेली. पॉपकॉर्न सगळीकडे, मनगट मोडलेलं. पंच धावले खरे, पण तोंडातून निघालं तेच नेहमीचं. "लक्ष कुठं असतं तुझं?"

हाडांच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं. मग सहज विचारलं, "कशा पडलात?"

"हिचं लक्ष नसतं," पंच म्हणाले.

"पायरी दिसली नाही," आई हळूच म्हणाली.

डॉक्टर थांबला. त्यानं आईला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि तिच्या कानाजवळ बोट हलवलं. मग बोट हळूहळू पुढं आणत गेला. बोट तिच्या नाकासमोर आलं तेव्हा कुठं ती म्हणाली, "हां, आता दिसलं." त्यानं डोळ्यांच्या दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

त्या दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत मोठ्या वाडग्यासारखं एक मशीन होतं. आईची हनुवटी त्यावर टेकवली आणि हातात एक बटण दिलं. समोर मधे बघत राहायचं आणि कुठंही ठिपका चमकला की बटण दाबायचं, एवढंच काम. शेजारी तंत्रज्ञ मुलगी कॉम्प्युटरवर बघत बसली होती. पंच तिच्या मागं उभे होते. पडद्यावर ठिपके येत होते. दहा ठिपके गेले, वीस गेले, बटण काही वाजेना. पंच पुढं वाकले. बायको परीक्षेत नापास होतेय आणि आपण नुसतं उभं राहायचं?

"दाब, दाब," ते पुटपुटले. "आला बघ. दाब आता."

आईनं पटकन दाबलं. पुन्हा "दाब". पुन्हा तिनं दाबलं.

तंत्रज्ञ मुलीनं मशीन थांबवलं. "काका, काय करताय? तपासणी त्यांची आहे. तुम्ही सांगितल्यावर त्या दाबणार असतील, तर त्यांना काय दिसतंय ते मला कसं कळायचं?"

"मी आपली मदत…"

"बाहेर बसा."

पंच बाहेर जाऊन बसले. आतून मधूनच कधीतरी बटणाचा आवाज यायचा. फार वेळानं यायचा.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या आणि तुटक बोलायच्या. त्यांनी आईला विचारलं, "त्रास कधीपासून?"

"असेल सहा महिने," पंच म्हणाले.

"मी यांना विचारलंय."

"तेच सांगतोय ना. तिला तारखा लक्षात…"

"यांना विचारलंय," बाई पुन्हा म्हणाल्या आणि पेन खाली ठेवून बसल्या.

आईनं सवयीनं पंचांकडे बघितलं. पंचांनी तोंड उघडलं, बाईंकडे बघून मिटलं.

"तीन वर्षं होतील," आई म्हणाली. "आधी थिएटरात कळलं. अंधारातले सीन दिसायचे नाहीत. मग कडेची माणसं जायला लागली. मला वाटलं वयामुळं असेल. माझ्या वडिलांचंही असंच होत गेलं होतं. शेवटी त्यांना काठी लागली."

पंचांनी तिच्याकडे बघितलं. सासऱ्यांच्या डोळ्यांची गोष्ट त्यांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली होती.

बाईंनी कागद समोर ठेवला. दोन डोळ्यांचे दोन गोल होते. उजवा जवळजवळ सगळा काळा होता. डाव्यात मधे तेवढा एक पांढरा ठिपका उरला होता.

"काचबिंदू," बाई म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही. कडेनं नजर खात येतो आणि मधली शेवटी खातो."

"पण ती सुईत दोरा ओवते हो."

"ओवतीलच. मधलं अजून उरलंय ना. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डाव्यातलं उरलेलं धरून ठेवायचा प्रयत्न करू. थेंब रोज न चुकता, लागलं तर ऑपरेशन."

"मग दिसायला लागेल?"

"नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती दिवस राहील तेही सांगता येणार नाही. तीन वर्षांपूर्वी आला असतात, तर मी वेगळं बोलले असते. मुलांचेही डोळे तपासून घ्या, हे घराण्यातून येतं."

पंचांचा आवाज चढला. "मग हिनं सांगायला नको? आम्ही काय परके आहोत?"

"सांगितलं की," आई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "दर रविवारी सांगत होते."

डॉक्टरीणबाई पंचांकडे बघून म्हणाल्या, "माझ्यासमोर अशा बायका रोज बसतात. त्रास बाईला आणि सांगतो नवरा. नाहीतर मुलगा. त्याला वाटतं आपण मदत करतोय. बाईलाही तसंच वाटायला लागतं. डोळा तपासायला माझ्याकडे मशीन आहे हो. पण माणसाला काय दिसतंय ते त्यालाच विचारावं लागतं. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं लागतं. तेवढं घरच्यांना फुकटात जमण्यासारखं आहे."

घरी आल्यावर पंच धाकटीला म्हणाले, "ती यादी काढ."

धाकटीनं फोन पुढं केला. तीन वर्षांचे पिक्चर होते, दीडशे तरी. बाबा सात, आई सात. बाबा चार, आई चार. बाबा नऊ, आई नऊ. पंच बोटानं यादी वर सरकवत राहिले. खाणीचा पिक्चर आला. शर्यतीचा आला. एकाही ठिकाणी दोघांत अर्ध्या गुणाचाही फरक नव्हता. आई काय बोलली होती ते कुठंच नव्हतं. दीडशे वेळा एक बाई तिला दिसत नाही असं सांगत होती आणि दीडशे वेळा तिच्या नावापुढं नवऱ्याचा आकडा टाकला जात होता!

"मीच लिहीत होते," धाकटी म्हणाली आणि रडायला लागली.

"मी हसत होतो," थोरला म्हणाला.

पंचांना पहिल्यांदाच कशावरही मत नव्हतं.

सोमवारी लिफ्टमध्ये हिशोब खात्यातले साहेब चढले. "काय पंच, कालचा पिक्चर कसा?"

"तुम्ही गेला होतात?" पंचांनी विचारलं.

"गेलो होतो. बकवास."

"आणि वहिनींना कसा वाटला?"

साहेब हसले. "तिला काय कळतंय पिक्चरमधलं?"

"विचारून तरी बघा, साहेब. माझ्या घरी…" पंचांना पुढं बोलायचं होतं. तेवढ्यात पाचवा मजला आला. साहेब फोनवर बोलत उतरून गेले. पंच अठराव्यापर्यंत एकटेच गेले. त्या दिवशी त्यांनी आणखी तिघांना तेच विचारलं. एकानं तर विचारलं, "पंच, तब्येत बरी नाही का?" बुधवारपर्यंत लिफ्टमध्ये त्यांना कुणी काही विचारेनासं झालं.

थेंब सुरू झाले. महिन्यानं पुन्हा ते मशीन, पुन्हा ते दोन गोल. डाव्यातला पांढरा ठिपका आणखी आत सरकला होता. बाईंनी थेंब बदलून दिले. तोंडानं काही आशेचं बोलल्या नाहीत. धाकटीच्या डोळ्यांतही दाब वाढलेला निघाला. तिला वेळेवर औषध मिळालं, हीच काय ती बरी बातमी. आईचं काजं-बटणांचं काम सुटलं. मनगट नीट जुळलं नव्हतं आणि कापड हातातून कुठं निसटलं ते दिसायचं नाही.

एका दुपारी तिघे तिच्यासमोर बसले. पंचांनी घसा साफ केला.

"तुला काय बघायचंय?" त्यांनी विचारलं. "म्हणजे… दिसतंय तोवर. कुठं जायचंय, कुणाला भेटायचंय, काहीही. तू सांग."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला नाही. तुला."

"तुम्ही म्हणाल तिथं जाऊ की."

"समुद्र बघायला…" थोरला म्हणायला लागला. पंचांनी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला.

आईनं डोळे मिटले. कपाळाला आठ्या घातल्या. कुठल्यातरी बंद खोलीत हातानं चाचपडत काहीतरी शोधावं तसा तिचा चेहरा झाला. खाली रस्त्यावर एक गाडी उलटी घेत होती, तिचा टी-टी आवाज येत होता. तोही थांबला. तरी ती बोलली नाही. पंचांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण त्यांनी ते पुसायलाही हात हलवला नाही.

"मला आठवतच नाही हो, मला काय आवडतं ते," आई शेवटी म्हणाली. "जरा वेळ द्या. ठरवून सांगते."

याला आता अकरा दिवस झालेत. ती अजून ठरवतेय. डोळ्यातला ठिपका काही तिच्यासाठी थांबलेला नाही, हे घरात चौघांनाही माहीत आहे. तरी तिच्या वतीनं कुणी उत्तर देत नाही. त्या घराला एवढंच शिकता आलं आणि तेही उशिरा.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. पुढच्या वेळी सिनेमा बघून याल, तेव्हा तुमचं मत जरा खिशात ठेवा. घरात जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला विचारा, तुला काय दिसलं? तो काहीतरी विचित्र बोलेल. हसू नका. त्याचं वाक्य पुरं करू नका. त्याच्या नावापुढं तुमचा आकडा टाकू नका. तो कदाचित सिनेमाबद्दल बोलतच नसेल. आणि ज्याला वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नसतं, तो एक दिवस सांगायचं विसरून जातो. मग विचारणारे कितीही जण समोर येऊन बसोत.