शिडीवरची तार

माझ्या सहीसाठी कुणी खोळंबून बसलंय, असं आयुष्यात एकदाच घडलं, आणि तेव्हा मी सही करायला नकार दिला.

आमचं गाव बोका ग्रिस, भर सरोवरात उभं आहे. एकवीस घरं आणि एक शाळा, सगळी पाण्यात रोवलेल्या खुंटांवर. शेजारच्या घरी जायचं तरी होडीनं. अकरा वर्षं गावात वीज नव्हती. आभाळात असायची, संध्याकाळ झाली की रोजची, पण तिच्यावर माशांसाठी बर्फ जमत नाही. मग माराकाइबो शहरातून एक कंपनी आली. पैसे परदेशातल्या कुणी दात्यांनी दिले होते म्हणे. नऊ दिवसांत कंपनीच्या माणसांनी प्रत्येक घराच्या पत्र्यावर सोलर पॅनेल बसवली, शाळेत मोठा इन्व्हर्टर ठेवला आणि तिथून घराघरांत केबल ओढली. दहाव्या दिवशी बटण दाबायचं होतं. त्याआधी गावातल्या एकानं लिहून द्यायचं होतं की काम वाचून, पाहून, समजून घेतलं आहे. शिक्षक कोलंबियाला निघून गेल्यापासून शाळेची पुस्तकं मी सांभाळतो, म्हणून तो एक जण मी ठरलो.

पॅनेलच्या खोक्यात एक माहितीपुस्तक आलं होतं. ते कुणी उघडलं नव्हतं. मी छापील कागद दिसला की वाचतो, ती माझी खोड आहे. ते पुस्तक मी चार वेळा वाचलं, त्यातलं अर्थिंगचं, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडण्याचं प्रकरण सहा वेळा. प्रत्येक वेळी वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग खिडकीतून समोरच्या घराची शिडी दिसायची, आणि शिडीच्या खांबावरून खाली आलेली उघडी तांब्याची तार. तिच्या टोकाला दगड बांधून ती पाण्यात सोडून दिली होती. एकवीस घरांच्या एकवीस शिड्यांवर तसंच, आणि शाळेच्या शिडीवरही.

त्या सकाळी अर्धं गाव शाळेच्या लाकडी ओट्यावर जमलं होतं, उरलेलं होड्यांत. इंजिनियर बोस्काननं माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. तिशीचा, सभ्य, नऊ दिवस डासांनी फोडून काढलेला माणूस.

"इथं सही करा, आजोबा."

"अर्थिंग राहिलंय," मी म्हणालो.

"काय म्हणतोय तो?" होडीतून कुणीतरी विचारलं.

"राहिलेलं नाही," बोस्कान हसला. "प्रत्येक शिडीवर तार आहे की."

"ती पाण्यात सोडलीय. पुस्तकात आहे, सळई जमिनीत अडीच मीटर गेली पाहिजे. जिथं माणसं वावरतात तिथून लांब."

"आजोबा, ते पुस्तक जमिनीवरच्या घरांसाठी आहे. तुमच्याकडे जमीन कुठंय?"

लोक हसले. नेरियो सगळ्यात मोठ्यानं हसला. तो खुंट रोवणारा. गावातलं एकही घर त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हाताशिवाय उभं राहिलेलं नाही. "प्रिमो मोखे," तो मला म्हणाला, प्रिमो म्हणजे आमच्याकडे भाऊ, "सही करून टाक ना बाबा! बर्फ जमायला चार तास लागतात. माझे मासे तुझं पुस्तक वाचत नाहीत, ते नासतात."

"जमीन आहे," मी बोस्कानला म्हणालो. आवाज बारीक झाला होता. "पाण्याखाली. आमच्या वडिलांनी घर तिच्यातच रोवलंय."

"अहो, पण सरोवर केवढं मोठं आहे! समजा कुठं गळती झाली, तर वीज त्यात विरघळून जाईल."

"विरघळायच्या आधी ती शिडीपाशी असते. आणि शिडीपाशी आम्ही असतो. आंघोळीला, धुण्याला, मासे साफ करायला."

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, पटलं. पण तो घड्याळात बघत होता. "हे बघा, माझ्या यादीत अजून चार गावं आहेत. आज सही झाली नाही, तर नियमाप्रमाणे मला सामान उतरवून पुढच्या गावाला द्यावं लागेल. मी धमकी देत नाहीये. असं लिहिलंय."

मग आरडाओरडा सुरू झाला. इन्व्हर्टरला हात लावला तर हात तोडीन, असं एक जण बोस्कानला म्हणाला, आणि त्याच दमात माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तुला सरोवरात बुडवीन!" माझी थोरली बहीण इल्दा ओट्याच्या कडेला केळ्याचे काप तळत होती. नऊ दिवस तिनंच या माणसांना जेवू घातलं होतं. ती झारा घेऊन आली.

"एर्मोखेनेस," ती म्हणाली. पूर्ण नाव म्हणजे रागावली होती. "उभ्या जन्मात तू एक दिवा तरी बदललायस का?"

"नाही."

"मग तुला काय कळतं त्यातलं?"

"थोडंसं. कदाचित चुकीचं."

"मग सही कर."

पेन माझ्या हातात होतं. खरं सांगायचं तर मी टोपण काढलंही होतं. सगळ्या गावाला अंधारात ठेवायचा अधिकार मला कुणी दिला? एका पातळ पुस्तकानं? पण कागदावर लिहिलं होतं, 'समजून घेतले'. मला समजलं होतं, तीच तर अडचण होती. मी टोपण लावलं आणि म्हणालो, "माझं चुकत असेल तर इंजिनियरनं पाण्यात उतरावं."

"काय पुटपुटतोस? मोठ्यानं बोल," इल्दा म्हणाली.

मी मोठ्यानं बोललो. इतक्या मोठ्यानं मी कधी बोललो नव्हतो. शेवटचे शब्द फाटले. "इन्व्हर्टर चालू करा. त्याच्या लोखंडी पेटीला आतून एक जिवंत तार टेकवा, म्हणजे बिघाड झाल्यासारखं होईल. मग या शिडीच्या बुडालेल्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभे राहा. दहा मिनिटं. मी लगेच सही करतो. वाटल्यास एकवीस वेळा करतो."

कुणी हसलं नाही. सगळे बोस्कानकडे बघत होते. त्यानं आधी तारेकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"बूट काढा, इंजिनियर," इल्दा म्हणाली. "पाणी गरम आहे. मी टॉवेल देते."

"त्याची काही गरज नाही, सेन्योरा."

"गरज नसेल तर मग भीती कसली? आमची सून उतरते की रोज. सहावा महिना आहे तिला."

"मी उतरणार नाही," बोस्कान हळूच म्हणाला.

"का?"

इल्दानं झारा माझ्या हातात दिला, शिडीपाशी गेली, आणि ती तार दगडासकट वर ओढून ओट्यावर टाकली. "आमच्या घराची पण काढा रे," ती होड्यांकडे बघून ओरडली. "सगळ्यांच्या काढा. आणि सामान कुणी उतरवून नेणार नाही. ज्याला न्यायचंय त्यानं आधी आंघोळ करावी."

पाहता पाहता होड्या पांगल्या. बोस्कान कडेच्या बाकावर बसला. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून परत शंका. मी त्याच्या शेजारी बसलो आणि पुस्तक उघडलं.

"सळया आल्यात ना खोक्यात?" मी विचारलं.

"तीन आहेत. पण ठोकायच्या कशा? तीन मीटर पाणी, त्याखाली चिखल. यंत्राची बोट मागवावी लागेल. दोन आठवडे, आली तर."

हे ऐकून नेरियो ओट्यावर चढला. "ठोकायच्या?" तो म्हणाला. "शहरातली माणसं सगळं ठोकतातच. इंजिनियर, हे घर कुणी ठोकलंय वाटतं?"

नेरियोनं वीतभर जाडीचे, टोक काढलेले तीन खुंट आणले. प्रत्येकाच्या अंगाला एकेक सळई तारेनं घट्ट आवळून बांधली, टोकाला टोक जुळवून, आणि सळईच्या डोक्याला आधीच लांब तार जोडून घेतली. त्यासाठी त्यानं मला बोलावलं. "वाच," म्हणाला. मी वाचलं, "जोड घासून स्वच्छ करावा, पकड आवळावी." त्यानं घासला, आवळला. मग शाळेच्या मागे, जिथं पाण्यात कुणी उतरत नाही, तिथं पहिला खुंट उभा केला. पाण्यावर आलेल्या भागाला आडवं लाकूड बांधलं. एका बाजूला नेरियो चढला, दुसऱ्या बाजूला त्याचा मेहुणा, आणि दोघं झुलायला लागले. डावीकडे, उजवीकडे, घाई न करता, खुंट रोवतानाचं जुनं गाणं म्हणत. त्या गाण्यात सासूला दिलेल्या शिव्या आहेत, म्हणून ते इथं देत नाही. खुंट वळवळत चिखलात शिरायला लागला. घाव नाही, यंत्र नाही. दोन माणसांचं वजन आणि चिखलाची सवय.

बोस्कान उठून उभा राहिला होता. "किती खोल जाईल?"

"तुझ्या पुस्तकात किती लिहिलंय?" नेरियोनं मला विचारलं.

"अडीच," मी म्हणालो.

"मग साडेतीन," नेरियो म्हणाला.

दुपारपर्यंत तिन्ही खुंट गेले. घराघरांत ओढलेल्या केबलमध्ये एक हिरवी तार आधीपासूनच होती. शाळेच्या टोकाला ती नुसती गुंडाळून ठेवली होती. बोस्काननं स्वतः ती सोडवली आणि सळयांना जोडली. इन्व्हर्टरची पेटीही त्यातच जोडली. मग तो छपरांवर चढला आणि पॅनेलच्या चौकटींचा रंग जोडापाशी खरवडून काढायला लागला, कारण रंगातून वीज जात नाही. हेही पुस्तकात होतं. त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, पण एकवीसच्या एकवीस छपरं केली. शेवटी मीटर लावला. पुस्तकाप्रमाणे जमिनीचा रोध पंचवीस ओहमच्या खाली हवा होता. काटा नऊवर थांबला.

"झालं," तो म्हणाला. "आता तरी सही करता ना?"

मी कागद घेतला. सहीसाठी एक ओळ होती. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो.

"हे काय चाललंय?"

"आधी तार कुठं होती ते लिहितो. ती का काढली ते. आणि सळया कशा रोवल्या ते."

"आजोबा, हे असं चालत नाही. नोकरी जाईल माझी."

"तुम्ही रंग खरवडला तेही लिहितो."

तो परत बाकावर टेकला. कुणीतरी बर्फासाठी डबे पाण्यानं भरून फ्रीजरमध्ये ठेवले होते. नेरियो बटणापाशी उभा राहून, "अरे, कादंबरी लिहितोस काय!" म्हणून ओरडत होता. मी सावकाश लिहीत राहिलो. माझं अक्षर घाईत बिघडतं.

पान संपत आलं तेव्हा मला सुचलं ते विचारलं. "तुमच्या यादीतली आधीची गावं किती?"

"तीन झाली."

"तिथल्या तारा कुठं आहेत?"

बोस्काननं टोपी काढली, परत घातली. सरोवराच्या दक्षिणेकडे पाहिलं. मग त्यानं खिशातून यादी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. झालेल्या तीन गावांची नावं मी एकाखाली एक उतरवून घेतली, त्याखाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"नेरियो," मी हाक मारली, "बटण दाब. आणि उद्यासाठी नऊ खुंट तासायला घे, एकेका गावाला तीन."