परतीची टपली

मी टपली बोलतेय. डोक्यात बसते ती नव्हे, मोबाइलमधली. ओळखीपाळखी जुळवणाऱ्या एका मोठ्या साइटवरचा मी एवढासा खेळ. कुणाच्या नावावर बोट ठेवलं की त्याच्या पडद्यावर उमटतं, ‘तुम्हाला टपली मिळाली. परत करायची?’ संपला खेळ.

मला साइटने बनवलं नाही. तिने फक्त दार उघडून बाहेरच्यांना सांगितलं, ‘या, आमच्या अंगणात तुमचे खेळ मांडा.’ विमा कचेरीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी रविवारी जेवणाच्या टेबलावर मला घडवलं. शेजारी बायको इस्त्री करत होती.

“याचा उपयोग काय?”

“काहीच नाही.”

“मग चालेल,” ती म्हणाली.

आणि चालले की! माणसांची गंमत बघा. सख्ख्या मित्राला फोन करायला त्यांना सवड नसते, पण दातांच्या डॉक्टरकडे शेजारी बसलेल्या बाईंना टपली मारायला असते. बाईंनाही ती परत केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि परत करायची तर आधी साइटवर नाव नोंदवायला हवं. अशी तोंडओळखीची माणसं ओढून आणून मी साइटचं घर भरलं. कौतुक अर्थात साइटचं झालं.

माझ्यात एक खोड होती. ‘सगळ्या ओळखीच्यांना पाठवा’ या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असायची. चष्म्याच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या एका काकांनी स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून बटण दाबलं. टपल्या सुटल्या. काच पुरवणाऱ्याला गेली, व्याह्यांना गेली आणि अकरा वर्षं अबोला धरलेल्या थोरल्या भावालाही गेली. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघांचं बिनसलं होतं. टपली मागे घ्यायचं बटण काका रात्रभर शोधत होते.

तिसऱ्या दिवशी दादांकडून टपली परत आली.

तेव्हापासून रोज शटर वर केलं की काका एक टपली पाठवत, जेवणाच्या आधी एक परत येई. दोन वर्षं चाललं हे, शब्द एकही नाही. मी आपली मध्ये मिरवत होते.

घर भरल्यावर साइटला बाहेरचे नकोसे झाले. सूचना आली, शुक्रवारी संध्याकाळी सहाला बाहेरचे सगळे खेळ बंद. ही मात्र काकांनी चष्मा लावून तीनदा वाचली.

“आता दादाचं कसं?” ते काकूंना म्हणाले.

“नंबर आहे ना तुमच्याकडे?”

“नंबर आहे गं. बोलू काय?”

शुक्रवारी सकाळी काकांची टपली गेली. जेवणाची वेळ टळली, चार वाजले, परतीची आलीच नाही. माझा जीव टांगणीला लागला. पावणेसहाला काकांनी दादांना फोन लावला. मी त्याच फोनमध्ये, ऐकल्याशिवाय कशी राहीन?

“दादा, आज आली नाही तुझी.”

“म्हटलं, बघू तू फोन करतोस का.”

काकांनी कबूल केलं, “ती पहिली चुकून गेली होती रे.”

“ठाऊक आहे. तू कधी नीट वाचून काही केलंयस? पण परतीची मी चुकून नव्हती पाठवली.”

सहाला मी बंद पडले. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. ते आईबद्दल बोलत होते, आणि भांडत नव्हते.

आता मी मला घडवणाऱ्या त्या विमा कचेरीवाल्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये पडून आहे. माझी काही तक्रार नाही. तुमच्याही फोनमध्ये असा एखादा नंबर असेल, तर माझ्यासारखी कुणी मध्ये पडेल याची वाट बघू नका. लावा.