ब्राउझरच्या खिशातला कपटा

मी बोलतोय, आणि जरा सावरून बसा, कारण मी बारा भाषांचा मालक आहे. एका मोठ्या इस्पितळाची वेबसाइट कुणी कुठल्या भाषेत वाचायची, ते मी ठरवतो. म्हणजे ठरवत नाही, ठरवलेलं लक्षात ठेवतो. आणि बारा भाषांचं म्हणाल, तर मला दोनच अक्षरं येतात. सध्या 'एम' आणि 'आर'. त्यांचा अर्थ मराठी होतो, हेसुद्धा मला इस्पितळाच्या मशीनकडून कळलं. शाळा झाली ती एवढीच!

शिकलेले लोक मला कुकी म्हणतात. नाव खाऊचं, पण मी साधा कपटा. राहतो ब्राउझरच्या खिशात. इस्पितळाचं पान उघडलं की मला पुढे करायचं, आणि मी सांगेन त्या भाषेत पान दिसायचं. आयुष्य एक वर्षाचं. आमच्यात एवढं जगला तो म्हातारा, आणि मी म्हातारा झालो तरी खोड्या सुटल्या नाहीत.

माझा जन्म सूनबाईंच्या बोटाखाली झाला. लॅपटॉप त्यांचाच. त्या घरातूनच कुठल्या तरी कंपनीच्या गिऱ्हाइकांशी दिवसभर इंग्रजीत गोड बोलतात. सासूबाई म्हणजे गल्लीतल्या रफूवाल्या मावशी. जळलेल्या कोटावर असा धागा फिरवतील, की खुद्द कोटाला आपण कधी जळलो होतो याचा विसर पडावा. पण गेली दोन वर्षं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. सुई हातात, दोरा हातात, आणि दोघांची गाठ पडेना. एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, तेव्हा सूनबाईंनी पानावरच्या यादीत मराठीवर टिचकी मारली आणि मी जन्मलो. त्या टिचकीबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

मावशी पडद्याला नाक लावून एकेक अक्षर टिपायच्या आणि पडद्याशीच बोलायच्या. "हळू सरक रे, पळतोस कुठं?" माणसं मशीनला अरे-तुरे करतात आणि त्याच्यापुढे हातही जोडतात. मला दोन्ही गोड लागायचं.

पण सूनबाईंना पाचवा महिना होता आणि त्यांची तपासणी त्याच इस्पितळात. आपल्या खात्यात शिरल्या की त्यांना इंग्रजी लागे. यादीत टिचकी मारली की माझी अक्षरं बदलली, 'ई' आणि 'एन'. त्यानंतर मावशी त्यांच्या खात्यात गेल्या, की पान इंग्रजीत. मला खाती ओळखता येत नव्हती. शेवटी ज्याचं बोट लागलं तो मालक! दोघी बुचकळ्यात पडायच्या आणि मी गालातल्या गालात हसायचो. मला गाल नाहीत, पण सवय वाईट.

मग हसू जिरलं. ऑपरेशनच्या तीन दिवस आधीपासून डोळ्यात थेंब घालायचे, असं पानावर लिहिलं होतं. इंग्रजीत. मावशींनी आकडे ओळखले, तारीख पाठ केली, स्वच्छ साडी नेसून गेल्या आणि ऑपरेशनविना परत आल्या. थेंब नाहीत तर ऑपरेशन नाही. नवी तारीख मिळाली महिन्यानंतरची, आणि सोबत ताकीद: ही चुकली तर नाव यादीच्या तळाला, आठ महिने मागे.

"मुद्दाम केलंस तू," मावशी म्हणाल्या.

"आई, मी कशाला मुद्दाम करीन? मी बदललं ते माझ्या पानावर."

"तुझं माझं कधीपासून वेगळं झालं? लॅपटॉप तर एकच आहे!"

मावशींचा मुलगा मध्ये न पडता सुकलेले कपडे पुन्हा वाळत घालायला बाल्कनीत गेला. सूनबाई डोळे पुसत उठल्या. त्या दिवसापासून त्या घरात भांडीच तेवढी बोलत होती. खोडी माझी, शिक्षा त्या दोघींना.

दुसऱ्या तारखेला चार दिवस उरले असताना मावशींनी पान उघडलं. पुन्हा इंग्रजी. भाषांची यादी उघडली, तर यादीतली नावंही इंग्रजीत. ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला आपली भाषा शोधायलाही आधी इंग्रजी यायला हवं, असा तो कारभार. सूनबाईंना हाक मारायला ओठ उघडले, पण अबोला आडवा आला. मग त्यांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, काखोटीला मारला आणि थेट इस्पितळ गाठलं. त्या टॉवेलात मी पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं.

चौकशीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मावशी, थोडं इंग्रजी शिकून घ्या ना. आजकाल लागतंच."

"वा गं वा! भोक तुमच्या कापडाला, आणि ठिगळ मला लावताय होय?"

रांगेतले लोक हसले. बाई ओशाळल्या, पण मनाने चांगल्या. त्यांनी सगळी सूचना मराठीत वाचून दाखवली, थेंब सुरू करायची तारीख मावशींच्या हातावर पेनने लिहिली, आणि वरच्या मजल्यावर फोन लावला. तिथून वेबसाइट बनवणारा टकल्या खाली आला. त्याने खटाखट चार टिचक्या मारल्या, मला बाहेर काढून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"घरात हे कोण कोण वापरतं?"

"मी आणि सून."

"चूक माझी आहे, मावशी. भाषा लक्षात ठेवणारा एक कपटा मी न विचारताच या लॅपटॉपात ठेवला. मला वाटलं, एका मशीनला एक माणूस."

"तुमच्या घरी कोणी नाही वाटतं?" मावशींनी विचारलं.

मावशींनी थेंब वेळेवर घातले. ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी त्या आधी सूनबाईंकडे बघतच राहिल्या. "किती वाळलीस गं! आणि मी तुला काय काय बोलले." पुढचं मी ऐकलं नाही, तोवर लॅपटॉप मिटला होता.

टकल्याने आठवड्याभरात सगळं उसवून पुन्हा शिवलं. आता ज्याची भाषा त्याच्या खात्यात. माझं ऐकतात ते कुणी खात्यात शिरेपर्यंतच. यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत. मला अर्धी पेन्शन मिळाली म्हणा. पण राग नाही. माझ्या हातून दोघींचं पुन्हा काही बिघडणार नाही, याचं सुख मोठं आहे. त्याने मला पुसून टाकलं नाही, दारावर बसायची जागा दिली, हे त्याचे उपकार.

आज माझं वर्ष भरतंय. टकल्याचा नवा नियम असा, की इथून पुढे कपटा ठेवायचा तर माणसाला विचारूनच. मावशी आत्ता पडद्यापासून हातभर लांब बसून दुसऱ्या डोळ्याची तारीख वाचताहेत. पानाच्या तळाशी माझी बारीक ओळ उमटली आहे: 'तुमची भाषा या लॅपटॉपवर लक्षात ठेवू का?' मावशी, हो म्हणा. तुमच्या घरात फार सुखात राहिलो.

त्यांनी ती ओळ एका दमात वाचली आणि कमरेवर हात ठेवला.

"वर्षभर न विचारता घरात राहिलास, सासू-सुनेत भांडण लावलंस, आणि आज विचारतोस होय रे?"