रंगूनची दहाची नोट

मी रंगूनची दहा रुपयांची नोट बोलतेय. मला जपानी लष्करानं छापलं. माझ्यावर नंबर नाही, नुसती अक्षरं आहेत. इंग्रजांच्या राजाची नोट हुसकावून तिच्या जागी बसायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

बेचाळीस साली रंगूनमध्ये एक परदेशी बँक होती. तिचा देश युद्धात नव्हता, म्हणून जपान्यांना तिच्यावर सरळ हात टाकता येईना. तिनं मला राजाच्या नोटेच्या बरोबरीनं घ्यावं, हा त्यांचा हट्ट. मॅनेजर रोज म्हणायचा, "आमच्या वकिलातीची तार येऊ द्या." त्याला इंग्रजी यायचं, जपानी अधिकाऱ्याला मोडकी हिंदुस्थानी. मध्ये दुभाषे होते हेडक्लार्क हरिभाऊ, बेळगावच्या टिळकवाडीचे. दारावर पहारा नंदगडच्या मष्णूचा. त्याची बायको राजाबाई आत चहा द्यायची.

एकदा बाजारात मष्णूनं मला पुढं केलं, तर भाजीवालीनं मला नाकारलं. मष्णू हसला. "बरोबर हाय तुजं. ह्यो कागद आज हाय, उद्या न्हाय." जपानी शिपायांनी त्याला तिथंच धरलं आणि मला हिसकावून घेतलं.

दुपारी अधिकाऱ्यानं मला बँकेच्या टेबलावर आपटलं. "तुमचा पहारेकरी असं बोलतो. बँकेनंच शिकवलं ना?"

मॅनेजर पुन्हा तारेचं बोलू लागला. हरिभाऊ मात्र शांतपणे म्हणाले, "बँकेचा संबंध नाही. तो माणूसच तसा. रोज लोकांना भडकवतो. त्याचं काय करायचं ते करा."

हे खोटं होतं. राजाबाई तिथंच उभी होती. कपबश्या गोळा करताना तिनं मला उचललं आणि चोळीत खोचलं.

बँकेला मुदत मिळाली. मष्णूला गोळी घातली.

पंचेचाळीस साली इंग्रज परतले आणि मी रद्दी झाले. राजाबाई बोटीनं मुलखात आली. हरिभाऊ आधीच आले होते. बँक वाचवणारा हुशार माणूस म्हणून टिळकवाडीत त्यांचे सत्कार चालले होते. राजाबाईनं त्यांच्या फाटकासमोर भाजीची पाटी मांडली. जो येईल त्याला मला दाखवायची आणि सगळं सांगायची.

हळूहळू सत्कार थांबले. हरिभाऊंच्या मुलीचं, लतिकेचं, ठरलेलं लग्न मोडलं. पोरगी फाटकाशी येऊन रडली. राजाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. खरं सांगते, मला आनंद झाला.

शेवटी हरिभाऊ बाहेर आले. "राजाबाई, काय हवंय तुला?"

"नंदगडला चला. माझी सासू अजून पोराची वाट बघतीया. माझ्या तोंडानं न्हाय सांगवत. तुमी सांगा."

ते आले. सासू मालुबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. हरिभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसून पुटपुटले.

म्हातारीचं सूप थांबलं. तिनं कानामागं हात धरला. "ऐकू येत न्हाय रं बाबा. मोठ्यानं सांग."

ते पुन्हा बोलले. शेजारची माणसं दारात आली.

"आजून मोठ्यानं."

"मी अडकवलं तुमच्या मष्णूला!" हरिभाऊ ओरडले. "खोटं बोललो! मी मारलं त्याला!"

सारी गल्ली ऐकत होती. ते उठले, तेव्हा वाट द्यायलासुद्धा कुणी हललं नाही.

मालुबाईचे कान शाबूत आहेत. परसात कोंबडं हललं तरी तिला कळतं.

आता सत्तेचाळीस साल आहे. राजाबाईनं मला देवळीशेजारी भिंतीला डकवलंय. माझा रंग उडालाय, कडा कसर खातेय. तरी मला खरवडून काढू नका. त्या टेबलाशी बसलेले दोघे, तो मॅनेजर आणि तो अधिकारी, अजून कुठंतरी जिवंत असतील.