लिगाया माझ्या घरचं खात नाही

आधीच सांगून टाकते, लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही: लिगायाचं करिअर मी जवळजवळ संपवलं होतं. तेही जेवणाखाण्यावरून.

लिगाया जर्मनीत एर्लांगेनला आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. फिलिपिन्सची. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. शाळेत आईच्या पाठीवर बसून जायची. पुढे मनिलात एका जिममध्ये फरशी पुसायची नोकरी मिळाली. पुसताना आड येणारे डंबेल ही बाई एका हाताने उचलून बाजूला ठेवते, हे तिथल्या कोचने पाहिलं. त्याने तिला बाकावर आडवं केलं, पाय पट्ट्यांनी बांधले आणि हातात बार दिला. आज तिचं वजन पंचेचाळीस किलो, आणि छातीवरून उचलते शहाण्णव! इथे एका वृद्धाश्रमात फोनवर बसते, पण खेळते स्वतःच्या देशासाठी. हे सगळं तिने मला माझ्याच घरात बसून सांगितलं. माझ्या पाण्याच्या ग्लासाला हात न लावता.

तिथेच माझं डोकं फिरलं. गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला खीर घेऊन गेले, तर म्हणे, "नंदा, थँक यू, मला चालत नाही." चालत नाही म्हणजे? भाकरी-ठेचा नेला, पुन्हा तेच. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं, आणि ती बाटली सतत मांडीवर. बाई गं, मला हे नवीन नाही. पुण्यात होस्टेलवर मी डबा उघडला की कुणाचा उपास निघायचा, कुणाचं पोट बिघडायचं. माझी आई गुरुजींच्या घरी चहा प्यायची तो कप वेगळा, गोठ्याच्या भिंतीवर पालथा ठेवलेला. पण फिलिपिन्सच्या बाईला हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

सांगणारी कोण, तेही मी ठरवून टाकलं. दुसऱ्या मजल्यावरची अरुंधती, पुण्याची, सॉफ्टवेअरवाली. तशी गोड आहे. पण माझं आडनाव ऐकून ती जे "हो का" म्हणाली, ते अजून माझ्या कानात आहे.

या जूनमध्ये बिल्डिंगचं वायरिंग जळालं. लिफ्ट बंद, दारावरच्या बेल बंद, बिल्डिंगची देखभाल करणारा हाउसमायस्टर सुट्टीवर. लिगायाचा फोन आला, आवाज रडवेला. उत्तेजकांची तपासणी करणारे लोक आधी न कळवता येतात. तिने त्यांना रोजचा एक तास लिहून दिलेला असतो, सकाळी सहा ते सात. त्या तासात ती सापडली नाही तर एक चूक, आणि वर्षात तीन चुका झाल्या की बंदी. तिच्या दोन झालेल्या. एकदा ड्यूटी बदलली म्हणून, एकदा बस चुकली म्हणून.

"मला खाली उतरता येत नाही, नंदा. माझी खिडकी मागच्या बाजूला आहे. तुझी बाल्कनी बरोबर दारावर आहे. कुणी आलं तर दार उघडशील? मी एक्केचाळीसची आहे. आता बंदी आली तर संपलं सगळं."

"या, गेनाऊ," हो, नक्की, असं मी जर्मनमध्ये म्हटलं. मनापासून म्हटलं.

त्याच संध्याकाळी अरुंधती जिन्यात दिसली. वर जाताना हातात डबा, उतरताना हात रिकामे! म्हणजे तिचं चालतं, माझं तेवढं चालत नाही. मी रात्रभर धुमसत होते.

सकाळी सव्वासहाला बाल्कनीतून पाहिलं, तर खाली बिल्डिंगच्या दारात एक बाई आणि एक माणूस, हातात बंद पेटी. वर बघून त्यांनी विचारलं, लिगाया इथेच राहते ना?

"मला माहीत नाही," मी जर्मनमध्ये म्हटलं आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं.

बरं वाटलं? हो, पाच मिनिटं. मग चहा उतू गेला. अर्ध्या तासाने पडदा सरकवून पाहिलं तर ती दोघं फुटपाथवरच उभी, थोड्या थोड्या वेळाने ती मेलेली बेल दाबत. सात वाजायला बारा मिनिटं होती. वर लिगाया दाराला कान लावून बसली असणार, माझ्या भरवशावर. माझं खात नसेल तर नको खाऊ दे! पण तिने दोन हातांनी कमावलेलं घालवणारी मी कोण? गाऊनवरच खाली धावले, दार उघडलं आणि दोघांना चार मजले चढवून घेऊन गेले.

लिगायाने दार उघडलं आणि माझा हात धरून रडली. मला मान वर करवेना.

नमुना द्यायला तिला पाऊण तास लागला. तपासणीवाल्या बाईने पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या. लिगायाने एकेक फिरवून झाकणाचं सील पाहिलं, मग एक घेतली. सरकारी बाटलीसुद्धा! टेबलावर अरुंधतीचा डबा होता, चिकटपट्टीसकट, न उघडलेला.

ते लोक गेल्यावर मी विचारलं, "हा का नाही खाल्लास?"

"मी कुणाचंच खात नाही. सहा वर्षांपूर्वी बहिणीने सर्दीवर काढा दिला. त्यात काहीतरी निघालं, दोन वर्षं बंदी. तेव्हापासून आईच्या हातचंही नाही. जाण्याआधी आईने शेवटचा भात माझ्यासाठी रांधला होता. मी तोसुद्धा नाही खाल्ला."

मग मी सगळं सांगितलं. होस्टेल, आईचा कप, आणि बाल्कनीतलं ते वाक्य. तिने मला घराबाहेर काढावं असंच वाटत होतं. अरुंधतीचा डबा बाजूला सरकवून ती म्हणाली, "जा, तुझ्या घरात जे असेल ते घेऊन ये. आज मी खाते."

वर्षभर मी हेच ऐकायला तडफडत होते. ताडकन उठले आणि मराठीतच ओरडले, "खबरदार माझ्या घरचं काही तोंडात घातलंस तर!"