पत्र्यावरच्या म्हशी

"बूट काढा," आक्का म्हणाली.

"पोलीस बूट काढत नसतात," हवालदार म्हणाला.

"मग पोलिसांनी बाहेरच उभं राहावं. इथं गावाचं पीठ पडतं."

हवालदारानं बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो रांगेतल्या सगळ्यांनी बघितला आणि सगळ्यांना जरा धीर आला.

गिरणी आक्काची. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती एकटी चालवत होती. दाराच्या आत शिरलं की उजव्या हाताला पट्टा, आणि पट्ट्यात कुणाचा पदर जाऊ नये म्हणून ठोकलेला माणसाच्या उंचीचा पत्रा. दिवसभर दळण चाललं की पत्र्यावर पिठाचा थर बसायचा. नंबर येईपर्यंत लोक त्यावर बोटानं लिहायचे. कुणाची विहीर आटली, कुणाची सून बोलत नाही, मास्तर शाळेत झोपतात. संध्याकाळपर्यंत उडत्या पिठानं सगळं पुसून जायचं. सकाळी पत्रा पुन्हा कोरा.

नियम एकच. कुणी पत्र्याकडे बोट नेलं की बाकीच्यांनी पाठ फिरवायची. हा नियम कुणी केला ते कुणाला माहीत नव्हतं, पण तान्ह्या पोराला कडेवर घेऊन आलेली बाईसुद्धा पोराचं तोंड वळवायची.

तर आज सकाळीच पत्र्यावर उमटलं होतं, 'अध्यक्षांच्या म्हशी रोज दोनदा अंघोळ करतात.'

अध्यक्ष म्हणजे पाणी कमिटीचे. गावाच्या नळाला तीन दिवसांआड पाणी, तेही करंगळीएवढं. आणि वाक्यात खोटं काहीच नव्हतं, सगळी पंचाईत त्यामुळंच झाली. खोटं असतं तर अध्यक्ष हसले असते. खरं निघालं म्हणून त्यांनी ठाण्यात अर्ज दिला.

"कुणी लिहिलं?" हवालदारानं विचारलं.

"बघितलं नाही," शिंपी म्हणाला. तो रांगेत पहिला होता.

"तू कुठं होतास?"

"इथंच. पत्र्याला टेकूनच म्हणा ना."

"मग दिसलं कसं नाही?"

"पाठ होती."

"सगळ्यांचीच पाठ होती?"

"सगळ्यांची," रांग म्हणाली. ते खरंच होतं.

हवालदारानं वही काढली. "गिरणीची झडती घ्यावी लागेल."

"झडतीचा कागद दाखवा," आक्का म्हणाली.

"कागद मागून येतोय."

"चालत येतोय की सायकलवर?"

"आक्का, सरकारी कामात अडथळा आणू नका. आणि ही गिरणी बंद करा. पीठ उडालं तर पुरावा झाकला जाईल. गुन्हेगार सापडेपर्यंत खटका वर करायचा नाही."

आक्काचा हात खटक्यावरच राहिला. रांगेत तेवीस डबे होते. पलीकडच्या गावात नवी गिरणी निघाली होती. गिऱ्हाईक एकदा तिकडं गेलं की तिकडंच रुळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला. बारा वर्षांत भर सकाळी गिरणीत एवढी शांतता पहिल्यांदाच झाली. शिंप्याचं पोट वाजलेलंही सगळ्यांना ऐकू आलं.

हवालदारानं झडती घेतली. चाळणीखाली बघितलं, तेलाच्या कुपीत वाकून बघितलं. शोधत होता लिहिण्याचं साधन.

"साधन म्हणजे बोट," लोहारीण म्हणाली. गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे, घणही नाही. "जप्त करताय का? हे घ्या माझं. पण उद्या कणीक मळायला परत पाहिजे."

हवालदारानं वहीत लिहिलं, 'हत्यार मिळाले नाही. संशयित हत्यारे प्रत्येकी दहा. लोहाराची नऊ, एक घणाखाली गेले.'

मग तो पुरावा जवळून बघायला पत्र्याशी वाकला, श्वास आत घेतला आणि शिंकला.

पिठाचा ढग खाली बसला तेव्हा पत्र्यावर राहिलं होतं, 'अध्यक्षांच्या' आणि 'रोज दोनदा अंघोळ करतात'. मधल्या म्हशी गेल्या होत्या.

"आता अवघड झालं," शिंपी मान हलवत म्हणाला. "आधी निदान म्हशी होत्या. आता लोक मधे काय काय घालतील."

"सासूबाई घाला," मागून कुणीतरी सुचवलं.

"त्या दोनदा करत नाहीत," लोहारीण म्हणाली. "मी शेजारी राहते."

हवालदाराच्या कपाळाला घाम आला. सरकारी पुरावा पोलिसाच्याच नाकानं नष्ट झाला, हे मोठ्या साहेबांना कसं सांगणार? त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच पत्र्याकडं बोट नेलं.

सगळ्या रांगेनं पाठ फिरवली. सवयच ती. आक्कानंही तोंड भिंतीकडं केलं.

सगळे वळून बघतात तो म्हशी जागेवर आल्या होत्या. जरा गलेलठ्ठ झाल्या होत्या, एवढंच.

"आता अक्षर तपासू," हवालदार घाईघाईनं म्हणाला. "पिठातलं अक्षर पिठातच तपासावं लागतं. प्रत्येकानं आपल्या डब्याच्या झाकणावर पीठ पसरून हेच वाक्य लिहायचं."

"हेच?" आक्कानं विचारलं. "म्हशींचं?"

"अक्षर न् अक्षर."

"म्हणजे तुम्ही हुकूम देताय?"

"सरकारी हुकूम!"

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. ज्यांना दळायचं नव्हतं तेही झाकणं घेऊन आले. दुपारपर्यंत गिरणीच्या अंगणात सत्तर झाकणं ओळीनं मांडली गेली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी म्हशीचं चित्र काढलं, आणि एकानं तर बादलीही.

अध्यक्ष आले ते कडक इस्त्रीत. पहिल्या झाकणावर वाकले आणि मोठ्यानं वाचू लागले. मनात वाचायची त्यांना सवय नव्हती.

"अध्यक्षांच्या म्हशी रोज दोनदा अंघोळ करतात. हं, हे नाही. अध्यक्षांच्या म्हशी रोज दोनदा अंघोळ करतात. हेही नाही..."

तिसाव्या झाकणापर्यंत कुंपणाबाहेर गर्दी जमली. पन्नासाव्याला लोक त्यांच्याबरोबर म्हणू लागले. सत्तराव्याला अध्यक्षांचा आवाज बसला होता, गावाचा मोकळा झाला होता.

"एकही जुळत नाही!" अध्यक्ष घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"एक झाकण राहिलंय," आक्का म्हणाली आणि स्वतःच्या डब्याचं झाकण तिनं हवालदारापुढं धरलं. "तुमचं. तुम्हीही इथं होता की. कायदा सगळ्यांना सारखा असं तुम्हीच म्हणता."

"माझं कशाला?"

"लिही रे, लिही," अध्यक्ष खेकसले. "लवकर आटप."

हवालदारानं लिहिलं. अक्षर वेगळं काढायची खटपट केली, पण माणसाचं वळण काही लपत नाही. अध्यक्षांनी झाकण उचललं, पत्र्याशेजारी धरलं आणि आनंदाच्या भरात झाकण कुणाचं हेही विसरून ओरडले.

"सापडला! हा 'श' बघा, हे पोट बघा! हुबेहूब! या म्हशी यानंच लिहिल्यात! कोण आहे हा हरामखोर?"

शिंप्यानं नम्रपणे हवालदाराकडं बोट दाखवलं.

अध्यक्षांनी हवालदाराकडं बघितलं. हवालदारानं स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं, मोज्यातून आलेल्या.

"तपास पूर्ण," तो शेवटी म्हणाला. "गुन्हेगार अज्ञात. पुरावा हे पीठ असल्यानं ज्याचं त्याला परत." वही मिटून त्यानं बूट घातले, तेही उलटे.

आक्कानं खटका वर केला. पट्टा धावू लागला, आणि पहिल्या चार डब्यांतच म्हशी पांढऱ्या धुक्यात दिसेनाशा झाल्या.

आठवड्यानं हवालदार पुन्हा आला. साध्या कपड्यांत, डोक्यावर गव्हाचा मोठा पितळी डबा. न सांगता त्यानं चपला बाहेर काढल्या आणि रांगेत उभा राहिला. नंबर यायला वेळ होता. तो पत्र्याकडं बघत राहिला. मग त्यानं बोट वर केलं.

शिंप्यानं पाठ फिरवली. लोहारणीनं फिरवली. आक्का जात्यावर वाकली आणि दगडातली फट उगाचच तपासत बसली.

पीठ घेऊन तो गेला तेव्हा सगळे वळले. पत्र्यावर लिहिलं होतं, 'मोठ्या साहेबांच्या घरचं दळण आणणं ही ड्यूटी कशी? कुठल्या कायद्यात आहे?'

"श ओळखीचा वाटतो," शिंपी म्हणाला.

"मला नाही वाटत," आक्का म्हणाली.

जाडसर दळलं की पीठ कमी उडतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्या गावाला जाडसर दळून दिलं, आणि कुणी एका शब्दानं तक्रार केली नाही.