साखरबाईचे आकडे

“मला नको इचारू. अंगठेवालीचा हात तुज्या मशीनला काय कामाचा?” साखरबाईने वांग्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि ती वाडीतून चालू लागली.

तिचा पुतण्या नरहरी कोरा कागद हातात धरून ओट्यावरच राहिला. मुंबईच्या एका संस्थेत तो कॉम्प्युटरवर संशोधन करत होता. हाताने लिहिलेले मराठी आकडे यंत्राने ओळखावेत, हा त्याचा विषय. कॉलेजातल्या मुलांचे वळणदार आकडे यंत्र ओळखत होतं. इतरांचे ओळखेल का, हे पाहायला तो दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावी, पाममध्ये, घरोघरी आकडे लिहून घेत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साखरबाई आपणहून त्याच्यासमोर येऊन बसली.

“लगीन लवकर झालं, मंग तुजे काका गेले. शिकायचं ऱ्हायलंच. आता शिकवशील?”

“आत्ता, काकी?”

“मंग कदी? मी मेल्यावर?”

नरहरी हसला. ओट्यावर चुलीतली राख पसरून त्याने बोटाने एकचा आकडा काढून दाखवला. सुट्टी संपेपर्यंत साखरबाई रोज गिरवत राहिली. तो निघाला त्या सकाळी तिने पेन मुठीत आवळून सगळे आकडे कागदावर उतरवले. सात आडवा पडला होता, नऊचं पोट भरलंच नव्हतं. पण तिने कागद दोन्ही हातांनी त्याच्याकडे दिला.

मुंबईत नरहरीने एकेका आकड्यावर चौकोनांची जाळी ठेवली. शाई लागलेल्या चौकोनांप्रमाणे, त्या काळच्या यंत्रांना लागत तशा जाड कार्डांना भोकं पाडली आणि गठ्ठा यंत्रात घातला. साखरबाईचे निम्मे आकडे चुकले. तिच्या नऊला यंत्राने एक म्हटलं.

“असे नमुने गाळून टाका,” त्याचे मार्गदर्शक म्हणाले. “बाकी निकाल उत्तम आहेत. उन्हाळ्यात प्रबंध देऊन मोकळे व्हाल.”

नरहरीला मोह झाला. चांगली नोकरी समोर होती. दोन दिवस तो कार्डांना हात न लावता बसून राहिला, मग सरांकडे गेला.

“सर, आपल्याकडे असेच हात जास्त आहेत. ते गाळून मी कोणाचं वाचणार?”

सरांनी कार्डांचा गठ्ठा जवळ ओढला. “वर्ष जाईल तुमचं.”

“जाऊ दे.”

“मग बसू नका. आजच नवी पद्धत मांडायला घ्या.”

होळीला गावी आल्यावर त्याने काकीला खरं ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

“माज्यापायी तुजं वरीस गेलं? आण कागद. नीट लिवते.”

“नको, काकी. तू लिहितेस तसंच लिही. शिकायचंय ते मशीनला.”

“त्याला बी शिकाया लागतं?”

“लागतं ना. वेळही लागतो.”

“मंग लागू दे,” ती म्हणाली, आणि पुरणपोळी वाढायला उठली.

पुढच्या वर्षी भातकापणीच्या सुमारास त्याचा निरोप आला. यंत्राने काकीचे बहुतेक आकडे ओळखले होते. सगळे नाही, पण प्रबंध मान्य झाला होता.

त्याच आठवड्यात मलेरिया खात्याचा माणूस फेरीला आला. घरात कुणाला ताप नाही ना, हे विचारून तो दर वेळेसारखी भिंतीवर फेरीची तारीख घालायला वळला.

“दे हिकडं,” साखरबाईने पेन्सिल मागितली.

“बाई, आज तारीख...”

“ठाव हाय मला.”

पदर खोचून ती भिंतीशी उभी राहिली आणि सावकाश लिहू लागली. तिचं लिहून होईपर्यंत तो दप्तर काखेत धरून उन्हात थांबला.